गर्भिणी व नवजात बालकाचे रक्तपरीक्षण : ‘टॉर्च’ अहवालातील परजीवीचा अर्थ

खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा येथे खासगी प्रयोगशाळांची सोय झाल्यापासून दोन-तीन गर्भस्राव झालेली स्त्री वैद्यांकडे येते ती बहुधा अहवालांची पिशवी हातात घेऊनच. त्या पिशवीत सोनोग्राफीचे कागद असतात, थायरॉईडचा अहवाल असतो आणि बहुतेक वेळा ‘टॉर्च’ नावाच्या परीक्षणाचाही एक कागद असतो. त्यावर ‘टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह’ अशी ओळ ठळक छापलेली असते. घरातील मंडळींनी तिचा अर्थ आधीच लावलेला असतो : ‘रक्तात जंतू निघाले.’ मग वैद्याकडे रक्तशुद्धीचे व जंताचे औषध मागितले जाते. औषधालयात जुन्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने तीच प्रतिजैविके नेली जातात. चालू गर्भधारणेत असा कागद हाती आला, तर ‘गर्भ ठेवावा की नाही’ हा प्रश्नही विचारला जातो. हा शेवटचा प्रश्न लक्षात घेता हा अहवाल नेमका कसा वाचावा, याचे विवेचन आपल्या व्यवसायबंधूंपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘टॉर्च’ हे नाव अमेरिकेतील नाहमियास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रूढ केले. गर्भाला मातेकडून होणाऱ्या संसर्गांच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे. त्यात रुबेला, सायटोमेगॅलो व हर्पिस हे विषाणू आहेत; परजीवी एकच, तो म्हणजे पहिल्या अक्षराचा टॉक्सोप्लाझ्मा. गर्भिणीच्या रक्तात शोधावयाचा दुसरा महत्त्वाचा परजीवी हिवतापाचा होय. तो ‘टॉर्च’ परीक्षणात येत नाही. या दोहोंच्या परीक्षणांचे स्वरूप मुळातच भिन्न आहे आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

जंतू दिसणे आणि जंतूची खूण दिसणे

हिवतापासाठी काचपट्टीवर रक्ताचा जाड व पातळ लेप घेतला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली तंत्रज्ञाला परजीवी प्रत्यक्ष दिसतो, त्याची जात ओळखता येते, संख्या मोजता येते. दिसला तर रोग आहे. टॉक्सोप्लाझ्माच्या नेहमीच्या परीक्षणात मात्र परजीवी कोणी पाहिलेला नसतो. तेथे मोजली जातात ती शरीराने त्याच्याविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे. ‘आयजीएम’ हे प्रतिपिंड संसर्गानंतर लवकर उत्पन्न होते. ‘आयजीजी’ त्यामागून येते व बहुधा आयुष्यभर टिकते. म्हणजे आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की या स्त्रीची या परजीवीशी कधी ना कधी गाठ पडली होती. ती गेल्या महिन्यात पडली की ती पाच वर्षांची असताना अंगणातील मातीत खेळताना पडली, हे आयजीजी सांगत नाही. ‘रक्तात जंतू’ हा शब्दप्रयोग येथे सर्वथा चुकीचा आहे. ‘पूर्वी येऊन गेल्याची खूण’ असे रुग्णेला सांगितले, तर निम्मी भीती तेथेच ओसरते.

अशी खूण किती स्त्रियांत आढळते, हेही माहीत असावे. देशाच्या चार विभागांतील १,४६४ प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांच्या रक्ताची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आयजीजीचे प्रमाण २२.४ टक्के आढळले. दक्षिणेत सर्वाधिक म्हणजे ३७.३, तर पश्चिम विभागात सर्वांत कमी म्हणजे ८.८ टक्के. आयजीएम १.४३ टक्के स्त्रियांत होते. ज्या खुणेचे प्रमाण देशातील पाच स्त्रियांमागे एक असे पडते, ती गर्भस्राव झालेल्या स्त्रीत सापडली म्हणून गर्भस्रावाचे कारण सापडले असे म्हणता येत नाही. चार सुदृढ अपत्ये असलेल्या शेजारणीचे रक्त तपासले, तरी तीच ओळ छापून येण्याचा संभव आहे. तिचे रक्त कोणी तपासत नाही, एवढाच फरक.

वारंवार गर्भस्रावाच्या बाबतीत तर शास्त्रार्थ याहून स्पष्ट आहे. गर्भाला धोका पोहोचतो तो प्रामुख्याने मातेला आयुष्यातील पहिला संसर्ग गर्भावस्थेत, क्वचित गर्भधारणेच्या लगेच आधी, झाल्यास. एकदा संसर्ग होऊन गेला की निर्माण झालेली प्रतिकारशक्ती पुढील गर्भांचे रक्षण करते. मातेची प्रतिकारशक्ती खालावणारा मोठा आजार असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून एकाच स्त्रीचे तीन गर्भ लागोपाठ टॉक्सोप्लाझ्माने गेले, ही कल्पना रोगाच्या स्वभावाशीच जुळत नाही. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भपाताच्या तपासणीतून ‘टॉर्च’ काढून टाकावे असे आपल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. आपल्या शासकीय प्रसूतिपूर्व तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, मूत्र, रक्तशर्करा, एचआयव्ही, उपदंश, कावीळ-ब ही परीक्षणे असतात, ‘टॉर्च’ नसते. अशा रुग्णेत फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे, गर्भाशयाची रचना, थायरॉईड, मधुमेह व पतिपत्नींची गुणसूत्रे तपासणे अधिक फलदायी ठरते. पुत्रघ्नी योनिव्यापदाचा विचार करणाऱ्या वैद्यानेही ही परीक्षणे झाली आहेत की नाहीत, हे आधी पाहावे असे आमचे मत आहे.

आयजीएमचा फसवेपणा

आयजीजी एकटे पॉझिटिव्ह असेल तर बहुधा काही करावे लागत नाही. पेच येतो तो आयजीएम पॉझिटिव्ह आल्यावर. नियमाने पाहता हे अलीकडच्या संसर्गाचे लक्षण. परंतु टॉक्सोप्लाझ्माचे आयजीएम काही व्यक्तींत अनेक महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकून राहते. शिवाय इतर कारणांनी खोटा होकारही येतो. थोडे गणित करून पाहू. समजा एक हजार गर्भिणी तपासल्या, त्यांतील दोघींनाच खरोखर नवा संसर्ग आहे आणि चाचणी शंभरात दोन वेळा खोटा होकार देते. तर बावीस कागदांवर ‘पॉझिटिव्ह’ छापून येईल व त्यांतील वीस खोटे असतील. चाचणी वाईट नसूनही असे घडते, कारण रोग विरळ आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये सर्व चिकित्सकांना याच मुद्द्यावर सूचनापत्र धाडले होते : केवळ एका आयजीएम चाचणीवर गर्भिणीबाबत निर्णय घेऊ नये. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संदर्भ-प्रयोगशाळेचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अनुभव त्याहून बोलका आहे. बाहेरच्या प्रयोगशाळेत आयजीएम पॉझिटिव्ह ठरलेल्या गर्भिणींचे रक्त तेथे पुन्हा तपासून त्याचा अर्थ नीट समजावून दिल्यावर अनावश्यक गर्भपातांचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. म्हणजे चुकीच्या वाचनाची किंमत कोणी मोजली होती, हे उघड आहे. आपल्याकडे अशी गणती कोणी ठेवलेली आमच्या वाचनात नाही. परंतु ‘पाडून टाका’ हा सल्ला चावडीवरूनही मिळतो, हे आपण सर्व जाणतो.

मग खरे-खोटे ठरवावे कसे? पहिला उपाय म्हणजे दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा नमुना त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासणे. आयजीजीची पातळी स्थिर असेल, तर संसर्ग जुना असण्याचा संभव अधिक. ठळकपणे चढत असेल, तर अलीकडचा. एका प्रयोगशाळेतील आकड्याची दुसरीतील आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. दुसरा उपाय ‘आयजीजी ॲव्हिडिटी’ हा होय. प्रतिपिंडे जसजशी जुनी होतात तसतशी त्यांची परजीवीला चिकटण्याची पकड घट्ट होते. पकड घट्ट आली, तर संसर्ग किमान चार महिन्यांपूर्वीचा असे धरता येते. म्हणून गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांतील रक्तात घट्ट पकड आढळली, तर हा संसर्ग गर्भधारणेपूर्वीचाच होय व चिंता मिटते. याचे उलट मात्र खरे नाही. पकड सैल आली म्हणजे संसर्ग नवाच, असे सिद्ध होत नाही, कारण काहींची पकड बराच काळ सैल राहते. हे परीक्षण सहाव्या-सातव्या महिन्यात करून उपयोग थोडा. तेव्हा ते वेळेवर सुचविणे हे पहिल्या भेटीतील चिकित्सकाचे काम आहे. मोठ्या प्रयोगशाळा नमुना बाहेर पाठवून ते करून देतात.

‘कृमी’ शब्दाचा मोह

येथे आपल्या शास्त्राविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात रक्तज कृमींचे वर्णन करताना ते अतिसूक्ष्म असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत असे म्हटले आहे. हे वाचून आजचा रक्तातील परजीवी म्हणजे तोच रक्तज कृमी, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. तेथे या कृमींचे निदान कुष्ठासमान सांगितले आहे आणि लक्षणे केश, नख, त्वचा यांच्या नाशाची आहेत. टॉक्सोप्लाझ्माचा रुग्ण बहुधा लक्षणरहित असतो आणि हिवतापाचे वर्णन विषमज्वरात अधिक जुळते. नाव जुळले म्हणून चिकित्सा जुळत नाही.

हा केवळ वादाचा विषय नाही. ‘रक्तात कृमी’ असे मनाशी धरून गर्भिणीला कृमिघ्न कल्प दिल्यास अपाय संभवतो. कृमिमुद्गर रसात पारद, गंधक व कुचला आहे. विडंग हे पिप्पली व टंकणासह पिप्पल्यादि योगात गर्भनिरोधासाठीच सांगितलेले द्रव्य आहे. पलाशबीजाचाही लौकिक त्याच दिशेचा. गर्भिणीस तीक्ष्ण, उष्ण औषध वर्ज्य, हा आपल्या संहितांचाच दंडक. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी ‘जंताचे औषध द्या’ अशी मागणी तरुण विवाहितेसाठी आल्यास पाळी चुकली आहे का, एवढे विचारल्याविना विडंगयुक्त कल्प हाती देऊ नयेत. आतड्यातील जंत हा वेगळा विषय आहे. त्यांची अंडी मलपरीक्षणात दिसतात आणि शासकीय कार्यक्रमात पहिली तिमाही उलटल्यावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा दिली जाते.

संसर्ग खरोखर नवा असेल तर

असा निष्कर्ष निघाल्यास रुग्णेस विलंब न लावता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ पासून आहे आणि बुलढाण्याच्या नव्या शासकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तेथे काय होते, हे आपणास ठाऊक असले म्हणजे रुग्णेला धीर देता येतो. मातेला संसर्ग झाला म्हणजे गर्भाला झालाच, असे नाही. फ्रान्समधील लियाँ येथील १९९९ च्या अभ्यासात तेराव्या आठवड्यात संसर्ग झालेल्या मातांपैकी सुमारे ६ टक्क्यांच्या गर्भांत, तर छत्तिसाव्या आठवड्यातील ७२ टक्क्यांच्या गर्भांत परजीवी पोहोचला होता. विकृतीची तीव्रता मात्र याच्या उलट क्रमाने असते : लवकरचा संसर्ग विरळ पण भयंकर, उशिराचा वारंवार पण बहुधा सौम्य. गर्भ बाधित आहे की नाही, हे अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलातील परजीवीच्या जनुकीय द्रव्याच्या परीक्षणाने पाहता येते. येथे प्रथमच खूण नव्हे, परजीवीच शोधला जातो.

औषध म्हणून आरंभी स्पायरामायसिन देतात. गर्भ बाधित ठरल्यास पायरिमेथामिन, सल्फाडायझिन व फोलिनिक आम्ल यांची योजना होते. स्पायरामायसिनने गर्भाकडे होणारा संक्रम किती टळतो, यावर तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. पायरिमेथामिन पहिल्या तिमाहीत देत नाहीत. आणि फोलिनिक आम्ल म्हणजे गर्भिणीला नेहमी दिले जाणारे फोलिक आम्ल नव्हे. नाव जवळचे म्हणून एकाच्या जागी दुसरे दिले, तर पायरिमेथामिनने मज्जेवर होणारा दुष्परिणाम रोखला जात नाही आणि औषधाचा परजीवीवरील प्रभावही उणावू शकतो. फोलिनिक उपलब्ध नसल्यास तसे सांगून मागवून द्यावे. तसेच जुन्या आयजीजीच्या कागदावर दोन वर्षांपूर्वी लिहिलेली स्पायरामायसिनची चिठ्ठी पुनःपुन्हा भरून देणे योग्य नाही. त्या औषधाला गर्भधारणेपूर्वी ‘रक्त साफ’ करण्याचे कार्य नाही.

नवजाताचे रक्त

बालकाच्या बाबतीत चूक आणखी सोपी आहे. मातेचे आयजीजी अपरेतून बालकात उतरते. म्हणून आयजीजी पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येक मातेचे बाळ जन्मतः आयजीजी पॉझिटिव्हच असणार. ती उसनी मिळकत होय. ती क्रमाने घटत जाते व बाधा नसलेल्या बालकात पहिल्या वाढदिवसापर्यंत नाहीशी होते. वर्षानंतरही टिकली, तर बालकाला संसर्ग होता असे निश्चित होते. आयजीएम अपरेतून उतरत नाही, त्यामुळे बालकात ते सापडणे अर्थपूर्ण आहे. परंतु नाळेतून घेतलेल्या रक्तात मातेच्या रक्ताचा थेंब मिसळण्याचा धोका असल्याने नमुना बालकाच्या शिरेतूनच घ्यावा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावा. आयजीएम निगेटिव्ह आले म्हणून बाधा नाही, असेही म्हणता येत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ पासून प्रत्येक नवजाताच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्तथेंबावर ही चाचणी सुरू झाली. १९९२ च्या जूनपर्यंत ६,३५,००० बालकांपैकी १०० ची आयजीएम चाचणी होकारार्थी आली. पुढील तपासणीत ५२ खरोखर बाधित निघाली. सुसज्ज व्यवस्थेतही जवळजवळ निम्मे होकार टिकले नाहीत, हे एक. दुसरे असे की, त्या ५२ पैकी ५० बालके नेहमीच्या तपासणीत निरोगीच वाटली होती. बारकाईने पाहिल्यावर ४८ पैकी १९ जणांच्या मेंदूत किंवा दृष्टिपटलावर विकृती आढळली. म्हणून गर्भावस्थेत नवा संसर्ग सिद्ध झालेल्या मातेचे बाळ कितीही गुटगुटीत असो, त्याचे दृष्टिपटल नेत्रतज्ज्ञाने पाहिलेच पाहिजे. पुढेही काही वर्षे ते पाहत राहावे. डोके झपाट्याने वाढणे, झटके, तिरळेपणा, दीर्घकाळ टिकणारी कावीळ ही लक्षणे दिसल्यास सुवर्णप्राशनाच्या पुढील पुष्य नक्षत्राची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. बाधित बालकाची चिकित्सा वर्षभर चालते व त्या काळात रक्तपेशींची मोजणी वरचेवर करावी लागते.

हिवतापाविषयी थोडे

जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांचा उत्तर भाग सातपुड्यात चढतो, पलीकडे मेळघाट आहे; शिवाय हंगामी कामासाठी परजिल्ह्यांत व परराज्यांत जाऊन परतणारी कुटुंबे जिल्हाभर आहेत. अशा गर्भिणीस ज्वर असेल तर काढा देण्यापूर्वी रक्ताचा लेप व्हावा. फॅल्सिपेरम जातीचा परजीवी अपरेत दडून बसतो, त्यामुळे बोटातील रक्तात तो विरळ दिसतो. एक लेप निगेटिव्ह आला व ज्वर टिकला, तर दुसरा-तिसरा घ्यावा. आशा कार्यकर्तीकडील झटपट चाचणीपट्टी उपयुक्तच आहे; मात्र फॅल्सिपेरमसाठी ती ज्या प्रथिनावर चालते, ते रोग बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. उपचारानंतरची पॉझिटिव्ह पट्टी म्हणजे उपचार फसले, असे नव्हे. हिवतापाची प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीला निदानात स्थान नाही. क्षयाच्या अशाच रक्तचाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली, हे आपणास स्मरत असेल.

औषधांत प्रायमाक्विन गर्भिणीस व तान्ह्या बालकास वर्ज्य आहे. व्हायव्हॅक्ससाठी क्लोरोक्विन गर्भावस्थेत चालते. फॅल्सिपेरमसाठी पहिल्या तिमाहीत राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत क्विनीन सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून त्या काळातही आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन मान्य केले आहे. ही निवड प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांवर सोपवावी. मातेकडून जन्मतः आलेला हिवताप बालकात ज्वर, पांडुता, कावीळ, वाढलेली प्लीहा अशा रूपाने पहिल्या काही आठवड्यांत प्रकटतो व जंतुदोष समजून दुर्लक्षिला जातो. त्याचे निदान बालकाच्याच रक्ताच्या लेपावर होते. हा परजीवी यकृतात न जाता थेट रक्तातून आलेला असल्याने तेथेही प्रायमाक्विनची गरज नसते.

दोन्ही प्रतिपिंडे निगेटिव्ह असलेली गर्भिणी

अखेरीस त्या अहवालाविषयी, जो पाहून घरचे निश्चिंत होतात. आयजीजी व आयजीएम दोन्ही निगेटिव्ह म्हणजे या स्त्रीला टॉक्सोप्लाझ्माची प्रतिकारशक्ती नाही. जपावयाचे असेल तर हिलाच. आपल्याकडे मांस शिजवूनच खातात, त्यामुळे धोका मुख्यतः माती, पाणी व कच्च्या भाजीतून. मांजराच्या विष्ठेतून पडणारी अंडी एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात आणि ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. घरच्या मांजरीला हाकलण्याचे कारण नाही. तिची घाण मात्र दुसऱ्याने रोजच्या रोज काढावी. निंदण, सारवण, गोठ्याची झाडलोट यांनंतर नखांसह हात साबणाने धुवावेत. कोथिंबीर, मेथी, शेतातून तोडून तशीच खाल्ली जाणारी काकडी वाहत्या पाण्यात धुवावी. शेळीचे दूध कच्चे घेऊ नये. कोइमतूर येथे २००४-०५ मध्ये नेत्रगत टॉक्सोप्लाझ्माचे २४८ रुग्ण आढळले आणि संशय नगरपालिकेच्या पाण्यावर गेला. क्लोरीनने ही अंडी मरत नाहीत. उन्हाळ्यात टँकरचे पाणी साठवणाऱ्या आपल्या गावांत गर्भिणीपुरता तरी एक हंडा उकळून ठेवावा, आणि तिच्या अहवालावर तारीख, गर्भाचे आठवडे व प्रयोगशाळेचे नाव लिहून तो जपून ठेवण्यास सांगावे; पुढे शंका आल्यास तुलनेसाठी तोच कागद लागतो.